आधी मैदानाची वेळ वाटा, मग पैसे

मार्चमध्ये विद्यापीठांच्या अधिसभेसमोर (सिनेटसमोर) अर्थसंकल्प येतो आणि क्रीडा विभागाचे पान उघडले की ठरलेली जुगलबंदी सुरू होते. एक बाजू म्हणते, पदके किती आणली ते सांगा आणि त्या प्रमाणात पैसे द्या. दुसरी म्हणते, खेळ सगळे सारखे, सगळ्या संघांना समान वाटा. मध्येच कोणी क्रिकेटवर घसरतो, कोणी मातीतल्या खेळांचा अभिमान काढतो, आणि अखेर गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी वाढ घालून विषय मिटतो. दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालतात, की हा वाद पैशाच्या वाटणीचा आहे. मोठ्या विद्यापीठात तो असेलही. छोट्या विद्यापीठात खरी टंचाई असते ती दुपारी चार ते सात या वेळेची, एकुलत्या एका मैदानाची आणि एकुलत्या एका इनडोअर हॉलची. म्हणून माझे म्हणणे असे, की छोट्या विद्यापीठाने आधी सुविधांची वेळ वाटावी, तीही लेखी आणि जाहीर. त्या वेळेत किती संघ नीट तयार होऊ शकतात ते ठरवावे. तेवढेच संघ बाहेर पाठवावेत. पैशाचा तक्ता सगळ्यात शेवटी मांडावा. आज हा क्रम बरोबर उलटा आहे.

छोटे म्हणजे किती छोटे? सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे निघाले ते चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे घेऊन. क्रीडा शुल्क जमते विद्यार्थ्यामागे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांशी यांच्या तिजोरीची तुलनाच नको. खर्च मात्र विद्यार्थिसंख्या पाहून कमी होत नाही. कबड्डीचा संघ बारा जणांचाच, विद्यापीठ मुंबईचे असो की गडचिरोलीचे. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा राजस्थानात भरली तर गाडीभाडे कोणालाच चुकत नाही. त्यात अंतरांची भर. सिरोंचा ते गडचिरोली हा रस्ता दोनशे किलोमीटरच्या घरातला, म्हणजे सकाळी नऊच्या निवड चाचणीसाठी आदल्या दिवशी निघणे आले. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही वर्षानुवर्षांची बातमी आहे. निवड चाचणी जुलै-ऑगस्टमध्ये ठेवली की तिकडची मुले घरूनच बाद. निधी पदकांवर वाटा नाहीतर समान वाटा, ही मुले त्या तक्त्यात येतच नाहीत, कारण त्यांना वगळले ते तारखेने.

आता पैशाचाही एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण ज्याने कधी संघ बाहेर नेला आहे त्याला ते परके वाटणार नाहीत. बारा खेळाडू, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक असे १४ जण. दहा दिवसांचे सराव शिबिर, खेळाडूमागे दिवसाला २५० रुपये खुराक: ३०,००० रुपये. ट्रॅकसूट आणि दोन जर्सी, माणशी २,०००: २४,०००. जाता-येता प्रवास, माणशी १,५००: २१,०००. स्पर्धेच्या सहा दिवसांचा भत्ता, माणशी रोज ३००: २५,२००. प्रशिक्षकाचे मानधन दहा हजार. प्रवेश शुल्क, पट्ट्या, बर्फ, प्रथमोपचार पाच हजार. एकूण १,१५,२०० रुपये. समजा विभागाकडे ३० लाख आहेत आणि मैदान, हॉल, माळी, वीज यांत आठ लाख जातात. उरले २२ लाख. त्यात १९ संघ नीट तयार होतात. पण यादीवर असतात ४५ संघ, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४८,९०० येतात. त्यातले ४६,२०० नुसत्या प्रवासाला आणि भत्त्याला लागतात. शिल्लक २,७०० रुपये, म्हणजे बारा जणांच्या शिबिराला एक दिवसही पुरणार नाहीत. याचा अर्थ असा, की हे विद्यापीठ खेळावर खर्च करतच नाही, ते रेल्वेवर खर्च करते. मुले गाडीत बसतात, बाद फेरीचा पहिला सामना हरतात आणि परतीचे आरक्षण मिळेपर्यंत यजमानांच्या वसतिगृहात पत्ते खेळतात.

मग ४५ संघ का? कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. वार्षिक अहवालात ‘४५ संघांचा सहभाग’ हे वाक्य भारदस्त दिसते. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांच्या क्रीडा सहभागाची मोजणी असते, तिथे संख्या कामी येते. एखादा खेळ यादीतून काढला की त्या खेळाचे क्रीडा शिक्षक आणि त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य दुसऱ्या दिवशी कुलगुरूंच्या दारात उभे. शिवाय नकार द्यायचा तर निकष हवा, आणि तो कोणीच कधी लिहून ठेवलेला नसतो. सगळ्यांना थोडेथोडे देणे हा न्याय नव्हे, ती नकार टाळण्याची सोय आहे.

तरीही संघ कमी करा म्हणणाऱ्याने समोरच्याचा सर्वांत जड मुद्दा आधी उचलून पाहावा. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रमाणपत्राला किंमत आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, आणि मोठ्या स्पर्धेचे दार छोट्या विद्यापीठाच्या खेळाडूसाठी बऱ्याचदा याच एका वाटेने उघडते. चिमूरच्या किंवा मंगळवेढ्याच्या महाविद्यालयातल्या हँडबॉल खेळणाऱ्या मुलीला ‘यंदा आपला संघ जाणार नाही’ असे सांगणे म्हणजे तिच्या हाताबाहेरच्या कारणासाठी तिची वाट बंद करणे. हा आक्षेप खरा आहे आणि ‘साधनांची मर्यादा’ म्हणून तो झटकता येत नाही. पण याच मुलीला आज काय मिळते? शिबिराविना, उसन्या जर्सीत, एकमेकींचा खेळ न पाहिलेल्या सहकाऱ्यांबरोबर एक सामना. त्यातून मिळते ते सहभागाचे प्रमाणपत्र, आणि नोकरीच्या रांगेत बहुतेक वेळा विचारले जाते ते पदक. दार उघडे आहे एवढे दाखवून आत जाण्याची ताकद न देणे ही तिची फसवणूकच आहे. फक्त ती गोड बोलून केलेली.

पदकवाल्यांचा मुद्दाही कच्चा नाही. मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी १९५६-५७ पासून विद्यापीठांना सर्वंकष कामगिरीसाठी दिली जाते, आणि तिच्या इतिहासात अमृतसरचे गुरू नानक देव, पतियाळाचे पंजाबी आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ हीच नावे पुन्हा पुन्हा येतात. ताकद एकवटली की फळ मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. पण ती एकवटली कशी? खेळाडू प्रवेशाच्या वेळीच हेरायचा, त्याची फी माफ करायची, वसतिगृह द्यायचे, खुराक द्यायचा, वर्षभर प्रशिक्षक द्यायचा. हा खेळाडू मिळवण्याचा आणि राखण्याचा खर्च आहे. छोट्या विद्यापीठाने पदकांवर निधी वाटला म्हणून यातले काहीच घडत नाही. घडते ते असे: यंदा एका पैलवानाने सुवर्ण आणले, पुढच्या वर्षी कुस्तीची तरतूद वाढली, तोवर पैलवान पदवी घेऊन पोलीस भरतीला गेला. पैसा नेहमी एक वर्ष उशिरा, निघून गेलेल्या माणसाच्या नावाने येतो.

शिवाय पदक मोजण्यातच खोट आहे. कुस्तीत पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे १०, ग्रीको-रोमनचे १० आणि महिलांचे १० असे ३० वजनगट. तीस सुवर्णपदके. खो-खोत दोन, एक मुलांचे आणि एक मुलींचे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्याआधी धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला होता. या खेळाला लागते काय? २७ बाय १६ मीटर नीट चाळलेली जमीन, दोन खुंट आणि फक्की. ज्या भागात हा खेळ रक्तात आहे तिथल्या विद्यापीठाने पदकसंख्येच्या सूत्राने त्याला तळाला ढकलायचे, हे कुठल्या व्यवहारात बसते?

समान वाटपाची बाजू ऐकायला निर्मळ वाटते, पण समान म्हणजे कशाला समान? संघामागे समान दिले तर तीस वजनगटांच्या कुस्तीला आणि पाच-सहा जणांच्या बॅडमिंटनला एकच रक्कम मिळते. खेळाडूमागे समान दिले तर उलटा अन्याय होतो. बॅडमिंटनच्या पिसांच्या फुलांची बाराची नळी हजार रुपयांच्या पुढे जाते आणि चांगल्या सरावात दोन दिवसांत संपते. खो-खोचा खुंट एकदा पुरला की वर्षानुवर्षे हलत नाही. भालाफेकीला भाले लागतात, मुलांचा ८०० ग्रॅमचा आणि मुलींचा ६०० ग्रॅमचा वेगळा, आणि फेकीचा पट्टा मोकळा लागतो, नाहीतर अपघात. लांब पल्ल्याच्या धावपटूला चांगले बूट आणि दोन वेळचे जेवण. कोणतेही एकक घ्या, कोणावर तरी अन्याय होतोच. एकक शोधण्यात वर्षे घालवलेल्या समित्यांचे अहवाल विद्यापीठांच्या कपाटांत पडून आहेत.

हा प्रश्न आपल्यालाच पडला आहे असेही नाही. अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांतला लिंगभेद बेकायदा ठरवला आणि विद्यापीठांच्या क्रीडा विभागांची झोप उडाली. १९७५ ची त्याची नियमावली वाचण्यासारखी आहे. मुलांच्या आणि मुलींच्या संघांवरचा एकूण खर्च सारखा नसला तर तेवढ्याने नियमभंग होत नाही, असे तिने सांगितले. मग पाहायचे काय? साहित्य, सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा, प्रवास आणि भत्ता, प्रशिक्षक, कपडे बदलायच्या खोल्या आणि सरावाच्या जागा, वैद्यकीय मदत, प्रसिद्धी. सरावाची वेळ ही पैशापासून वेगळी, स्वतंत्र मोजायची गोष्ट आहे हे पन्नास वर्षांपूर्वी तिथे लेखी मान्य झाले. आपल्याकडे अजून क्रीडा विभागाच्या अर्थसंकल्पात वेळेचा रकानाच नाही.

त्याच कायद्याखालचा ब्राउन विद्यापीठाचा खटला संघ कमी करू पाहणाऱ्या माझ्यासारख्यांना जास्त शिकवून जातो. १९९१ मध्ये काटकसरीसाठी ब्राउनने चार संघांचा निधी बंद केला: मुलींचे व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्स, मुलांचे गोल्फ आणि वॉटर पोलो. दोन इकडचे, दोन तिकडचे, वरून पाहता काटेकोर समान. पण वाचलेल्या पैशांत मुलींच्या संघांचे सुमारे ६२ हजार डॉलर होते आणि मुलांच्या संघांचे सुमारे १६ हजार. विद्यार्थ्यांत जवळपास निम्म्या मुली असताना खेळाडूंत त्या कपातीच्या आधीही सुमारे ३७ टक्केच होत्या आणि नंतरही तेवढ्याच राहिल्या. न्यायालयांनी विद्यापीठाचे म्हणणे मानले नाही, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर त्याची अपिलाची वाट संपली. संघ मोजून कात्री लावली की असे होते. कपात करायचीच तर आधी कोण किती तास आणि कोणत्या वेळी खेळते आहे ते मोजावे लागते.

मैदानाच्या वेळेवरून भांडण महाराष्ट्रालाही नवे नाही. १८८० च्या दशकात मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी, हिंदू आणि मुसलमान पोरे शेकड्यांनी क्रिकेट खेळत. त्याच मैदानावर आठवड्यातले दोन दिवस मूठभर गोरे साहेब पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी जमीन इतकी उखडे की उरलेले दिवस क्रिकेटचा चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसे. १८८१ मध्ये शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रालगत वेगवेगळ्या जागा मिळाल्या, त्या आजही मरीन ड्राइव्हला ओळीने दिसतात. त्या अर्जदारांनी पैसे मागितले नव्हते. दोन खेळ एकाच जमिनीवर नांदत नाहीत आणि थोड्यांचे दोन दिवस पुष्कळांचा आठवडा खातात, एवढाच त्यांचा मुद्दा होता. तो आजच्या विद्यापीठालाही जसाच्या तसा लागू आहे. फरक इतकाच की गडचिरोलीला आणि सोलापूरला समुद्रकिनारा नाही. जागा वाढवता येत नाही, वेळच वाटावी लागते.

आजचा पोलो म्हणजे क्रिकेट, हे म्हटले की क्रिकेटवाले चिडतात. त्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गर्दी त्यांच्याच सामन्यांना होते आणि खेळणारी मुलेही त्यांच्याकडेच जास्त. पण क्षेत्रफळ पाहा. ६५ मीटर त्रिज्येचे क्रिकेटचे मैदान सव्वातेरा हजार चौरस मीटरचे होते. खो-खोचे ४३२, व्हॉलीबॉलचे १६२, कबड्डीचे १३०. नुसत्या आकड्यांनी एका क्रिकेट मैदानात खो-खोची तीस मैदाने बसतात. ही तुलना ताणलेली आहे, कबूल. क्रिकेटला तेवढी जागा सामन्याला लागणारच. सरावाला मात्र लागत नाही. सरावातला बहुतेक वेळ नेटमध्ये जातो, आणि नेटची एक गल्ली म्हणजे खेळपट्टी आणि गोलंदाजाची धाव. मैदानाच्या कडेला तीन गल्ल्या बांधल्या आणि झेल-क्षेत्ररक्षणासाठी पूर्ण मैदान आठवड्यातून दोन दिवस दिले, तर उरलेले चार दिवस ॲथलेटिक्स आणि फुटबॉलला मोकळे होतात. एक खबरदारी मात्र घ्यावीच लागते. पावसाळ्यात काळ्या मातीवर फुटबॉल खेळला की बुटांच्या खिळ्यांनी पडलेले खड्डे ऊन लागल्यावर विटेसारखे कडक होतात, आणि ऑक्टोबरमध्ये क्षेत्ररक्षकाचा घोटा त्यातच मुरगळतो. म्हणून फुटबॉलसाठी मधली खेळपट्टी सोडून एक बाजू ठरवून द्यायची, आणि पाऊस उघडला की जमीन ओली आहे तोवरच रोलर फिरवायचा. वाळल्यावर रोलर फिरवून काही होत नाही.

इनडोअर हॉलची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. कागदावर हॉल तासांनी वाटता येतो: चार ते पाच बॅडमिंटन, पाच ते सहा कबड्डी, सहा ते सात मुष्टियुद्ध. प्रत्यक्षात कबड्डीची मॅट एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्यांची असते. मुलांच्या १३ बाय १० च्या मैदानाला १३० तुकडे, भोवतालची पट्टी धरून त्याहून जास्त. ते रचून, दाते एकमेकांत बसवून, चिकटपट्टीने रेषा आखायला सगळा संघ कामाला लागला तरी अर्धा तास जातो, उचलायला तितकाच. तासाच्या पाळीत खेळ शून्य. रोज उचल-ठेव केली की दाते फाटतात, कडा वर येतात, आणि चढाई करणाऱ्याचा पाय नेमका त्या फटीत अडकतो. बॅडमिंटनला पंखे बंद हवेत, कारण फूल वाऱ्याने भरकटते. कबड्डीला दारे सताड उघडी हवीत, कारण घामाने मॅट निसरडी होते आणि दर थोड्या वेळाने फडके मारावे लागते. म्हणजे शेजारी शेजारीही जमत नाही. यावर उपाय असा, की हॉल तासांनी न वाटता आठवड्यांनी वाटायचा. कबड्डीच्या विभागीय स्पर्धेआधीचे तीन आठवडे मॅट घातलेलीच राहील. सकाळी मुली, संध्याकाळी मुले, मुलींच्या १२ बाय ८ च्या रेषा त्याच मॅटवर दुसऱ्या रंगाच्या पट्टीने. नंतरचे तीन आठवडे बॅडमिंटनचे. स्पर्धांचे वेळापत्रक ‘भारतीय विद्यापीठ संघ’ (एआययू) या विद्यापीठांच्या देशव्यापी संस्थेकडून कळते, ते समोर ठेवले की हे कोडे एका दुपारी सुटते.

हे सगळे बिघडवणारी एक गोष्ट विद्यापीठाच्या आतच बसलेली असते. दीक्षांत समारंभ, युवक महोत्सव, परीक्षा, उत्तरपत्रिका तपासणी, सगळ्यांना हॉल हवा असतो, आणि लाकडी फ्लोअरवर लोखंडी पायांच्या खुर्च्या ओढल्या की पुढच्या दुरुस्तीचा खर्च क्रीडा विभागाच्या नावावर पडतो. हॉलचे किती दिवस खेळाबाहेर गेले याची नोंद कुठेच होत नाही. झाली तर ‘क्रीडा सुविधांवर एवढा खर्च करूनही निकाल नाही’ हे अधिसभेतले वाक्य बोलणाऱ्याच्या घशातच अडकेल.

आणि मुलींची वेळ. निधीच्या तक्त्यात मुलींच्या आणि मुलांच्या कबड्डीला आता बहुतेक ठिकाणी सारखी रक्कम दिसते, आणि त्यावर समाधान मानले जाते. मैदानावर जाऊन पाहा. चार ते सहा मुलांचा सराव, मुलींना सहानंतर. वसतिगृहात हजेरी सातची. गावाकडून येणाऱ्या मुलीची शेवटची एसटी त्याच्याही आधीची. साहित्याच्या खोलीची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई कार्यालय सुटले की घरी. कपडे बदलायची खोली आहे, पण तिला कुलूप आणि नळाला पाणी नाही. रक्कम समान असून मुलींच्या संघाला आठवड्यात पाच तासही मिळत नसतील, तर समानता कागदावरच राहिली. इथे पैसा लागतोच, पण तो फार थोडा: दोन कुलपे, एक टाकी, खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या मैदानांना चार खांब आणि दिवे, आणि किल्ली सांभाळणाऱ्या माणसाच्या ड्यूटीची वेळ दोन तासांनी पुढे. दिवे लावले की मुलांचा सराव सहानंतर ढकलता येतो आणि चारची पाळी मुलींना मिळते. हा बदल करायला अधिसभेची मंजुरीही लागत नाही.

वेळ अशी मांडली की किती संघ तयार होऊ शकतात हे दिसू लागते. सांघिक खेळांपैकी ज्यांना स्पर्धेआधी किमान दहा दिवस, रोज दोन तास जागा आणि प्रशिक्षक देता येतो तेवढेच संघ पाठवायचे. प्रत्येक खेळ मुलांचा आणि मुलींचा जोडीनेच निवडायचा किंवा जोडीनेच सोडायचा, आणि सोडताना ब्राउनची चूक टाळण्यासाठी मुलींचे तास एकूणात घटत नाहीत ना, हे तपासायचे. निवड तीन वर्षांसाठी पक्की, म्हणजे प्रथम वर्षाला आलेल्या मुलीला आपला खेळ पदवी मिळेपर्यंत चालू राहणार हे माहीत असेल. जे खेळ यादीबाहेर गेले त्यांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बंद करायची नाही. उलट ती बाद पद्धतीऐवजी साखळी करायची, कारण बाद पद्धतीत निम्मे संघ वर्षभराचा खेळ एका सकाळी संपवून घरी जातात. हँडबॉल खेळणाऱ्या त्या मुलीला एका हरलेल्या सामन्याऐवजी पाच-सहा सामने मिळतील, आणि तीन वर्षांनी खेळ पुन्हा यादीत घ्यायचा की नाही हे त्या साखळीतल्या संघसंख्येवर ठरेल. वैयक्तिक खेळांना ही यादी लावायचीच नाही. ॲथलेटिक्स, जलतरण, वेटलिफ्टिंग यांत मानक ठरवायचे, वेळ, अंतर किंवा वजन, आणि ते जो गाठेल त्याला पाठवायचे. एक असो की अकरा. कुस्तीत मानक लावता येत नाही, तिथे चाचणी आणि चाचणीचे चित्रीकरण.

पैशाचे काम यानंतर उरते, आणि तेही बरेचसे वेळेचेच निघते. ट्रॅकसूट स्पर्धा झाल्यावर येतात ही तक्रार जुनी आहे. कारण संघ ठरल्यावर मापे घेतली जातात, मग दरपत्रके, मग तौलनिक तक्ता, मग खरेदी समिती, आणि मध्ये दिवाळी. जुलैमध्येच ठरावीक मापांचे कपडे संख्येने मागवून ठेवले तर हा सगळा ताण जातो. शर्टावर खेळाडूचे नाव छापायचा हट्ट तेवढा सोडावा लागेल. व्यवस्थापकाच्या नावावरच्या मागच्या अग्रिमाचा (आगाऊ उचललेल्या रकमेचा) हिशेब मिटला नाही म्हणून पुढच्या संघाला पैसे मिळत नाहीत, आणि मग एखादा क्रीडा शिक्षक स्वतःच्या खिशातून तिकिटे काढतो. मार्च २०२० पासून रेल्वेने खेळाडूंची भाडेसवलत थांबवल्यावर तर ही रक्कम किरकोळ राहिलेली नाही, कारण आधी शयनयान वर्गात ७५ टक्के सूट असे. अग्रिम व्यक्तीच्या नावाने न देता स्पर्धेच्या नावाने द्यावे, आणि बिले परतल्यापासून पंधरा दिवसांत विभागानेच गोळा करावीत.

खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले, ही हकिकत आपण प्रत्येक क्रीडा समारंभात अभिमानाने सांगतो. त्या प्राचार्यांपुढे हात जोडावेत असेच ते कृत्य होते. पण प्राचार्यांना घर गहाण टाकावे लागते तेव्हा त्यांच्या वरच्या सगळ्या यंत्रणांचे अर्थसंकल्प नापास झालेले असतात, हे मात्र त्या समारंभात कोणी बोलत नाही. तेव्हाचे कारण होते पैशाचा अभाव. आज निदान छोट्या विद्यापीठात ते कारण निम्मेच खरे आहे.

यंदाच्या अधिसभेत कोणाला खरोखर उपयोगी प्रश्न विचारायचा असेल तर पदकांची यादी मागू नये, गेल्या वर्षाची हॉल आणि मैदानाची वापरवही मागावी. ती नसेल, बहुधा नसेलच, तर येत्या जूनपासून ठेवायचा ठराव करावा: तारीख, वेळ, संघ, मुले की मुली, आणि खेळाशिवाय कोणी जागा घेतली असेल तर कोणी आणि का. जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्षाचे वेळापत्रक महाविद्यालयांना पाठवावे आणि हरकतींसाठी आठ दिवस द्यावेत. पहिली हरकत क्रिकेटची येईल. नेटच्या तीन गल्ल्या कुठे बांधायच्या ते त्याच बैठकीत त्यांनाच विचारून ठरवता येईल.